लॉरीअण्णा

माझ्या नातीने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत लॉरीचा माणूस केला, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. वाचत होतो म्हणजे नेहमीप्रमाणे वाचता वाचता चिडत होतो. तिने समोरच्या टीपॉयवर एक नारिंगी लॉरी आणून ठेवली. बांधकामावर काँक्रीट नेतात तसली, पाठीवर फिरतं पिंप असलेली. "अज्जा, बघ हं," ती म्हणाली, आणि मी न बघताच "हं, बघतोय" म्हणालो. मग टक, टक, कर्र असे आवाज आले म्हणून कागद खाली केला. लॉरी नव्हती. टीपॉयवर एक माणूस उभा होता. चाकं त्याच्या खांद्यांवर गेली होती, ड्रायव्हरची केबिन दुभंगून तिचे दोन पाय झाले होते, पिंप छातीवर येऊन बसलं होतं आणि कुठूनतरी आतून डोकं वर आलं होतं. एकही तुकडा उरला नव्हता, एकही बाहेरून लागला नव्हता. बाजूला ठेवलेलं वर्तमानपत्र मी त्या दिवशी परत उचललं नाही.

मी सहजासहजी दिपणारा माणूस नव्हे. बंगळुरात बसवनगुडीत जन्मलो, तिथेच म्हातारा झालो, सारी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. साहेब आला की माणसं कशी रूप पालटतात ते रोज पाहिलं, त्यामुळे रूप पालटण्याचं मला कौतुक नाही. पण हे वेगळं होतं. इथे लॉरीला लाज वाटत नव्हती आणि माणसाला लपायचं नव्हतं. दोघंही खरी होती, फक्त एका वेळी एकच दिसत होतं.

"पुन्हा कर," मी म्हणालो. तिने पुन्हा केलं. सात वर्षांची पोर, बोटं शेवग्याच्या कोवळ्या शेंगांसारखी, आणि ती बोटं त्या प्लास्टिकवरून अशी चालत होती की मला तिच्या पणजीची वाती वळणारी बोटं आठवली. मग मी प्रयत्न केला. एक हात उलटा वळवला, एक चाक उपटायच्या बेताला आणलं आणि शेवटी जे तयार झालं ते ना लॉरी होतं ना माणूस, अपघातानंतर रस्त्याकडेला पडतं तसलं काहीतरी होतं. पोर हसली नाही. माझ्या हातातून ते काढून घेत म्हणाली, "अज्जा, जोर नाही लावायचा. जिथे त्याला वळायचंय तिथेच तो वळतो."

टीव्हीवर ह्याची मालिका लागते. त्यातलं त्याचं नाव इंग्रजी आहे आणि ते माझ्या कवळीला झेपत नाही. ते नाव ऐकून माझी बायको म्हणाली, "कसलं बाई अवघड! लॉरीअण्णा म्हणूया." आमच्या जुन्या बंगळुरी मराठी घरांत वडिलांना अण्णा, थोरल्या भावाला अण्णा, रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणतात, मग ह्याने काय घोडं मारलं होतं? तेव्हापासून तो लॉरीअण्णा. मालिकेत तो माणसांच्या शहरात लॉरी होऊन राहतो, कुणाला पत्ता लागू देत नाही, आणि संकट आलं की उभा राहतो. त्याची एकच अडचण आहे. छातीवरचं पिंप सतत फिरत राहिलं पाहिजे, थांबलं की आतला माल घट्ट होतो आणि मग तो संपला. हे मला नातीने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मीही गंभीर झालो.

मुलगा आणि सून मारतहळ्ळीला राहतात, दोघंही संगणकाच्या कामात. शनिवारी मी जाऊन नातीला आमच्याकडे घेऊन यायचो. रिंग रोडवर मेट्रोचं काम चाललेलं, आणि पुढे हमखास एखादी खरीखुरी मिक्सरची लॉरी, धुळीने माखलेली, पिंप सावकाश फिरवत उभी. इतर वेळी मी तिला शिव्या घातल्या असत्या. नात मात्र खिडकीला नाक लावून बघत बसायची. "अज्जा, हा असेल?" ती हळूच विचारायची. "अगं, आत ड्रायव्हर बसलाय की." "तो नुसता दाखवायला असतो." ती त्या लॉरीला कपाळाला हात लावून सलाम करायची. पुढे पुढे ती बरोबर नसली तरी माझीही नजर त्या पिंपाकडे जायला लागली. एवढं मोठं धूड, आणि आत कुणीतरी उभं राहायची वाट बघतंय असं वाटून अंगावर काटा यायचा. ह्या वयात मला कुणी एवढं मोठं नवल दिलं नव्हतं.

त्याच वर्षी शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पुढे मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक होतं. जन्मापासूनचं, आपोआप बुजायला हवं होतं ते बुजलेलं नव्हतं. सून मोबाइलवर वाचत सुटली, मुलगा बोलेनासा झाला, बायकोने गवी गंगाधरेश्वरापासून ते बनशंकरीपर्यंत सगळ्या देवांना कामाला लावलं. मी सगळ्यांवर ओरडलो. भीती वाटली की मला ओरडायला येतं, दुसरं काही येत नाही.

हृदयाच्या डॉक्टर बारीक चणीच्या, शांत बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आम्हा मोठ्यांना बाजूला बसवलं आणि नातीशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या. छाती कापायची नाही म्हणाल्या. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत जाणार, आणि तिच्यातून एक वस्तू. ती वस्तू त्यांनी खणातून काढून दाखवली. तारेच्या जाळीच्या दोन छोट्या टिकल्या, मधे कमरेसारखा बारीक जोड. मग मागची तार ओढली. टिकल्या मिटल्या, लांबट झाल्या आणि उदबत्तीच्या काडीएवढ्या नळीत दिसेनाशा झाल्या. "अशी आत जाते," बाई म्हणाल्या. तार पुढे ढकलली, तशी नळीच्या तोंडातून आधी एक टिकली उमलली, मग कंबर, मग दुसरी टिकली. "भिंतीच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. भोक मधे बंद."

नातीचे डोळे एवढे मोठे झाले. "परत करा," ती म्हणाली. बाईंनी परत ओढलं, मिटलं. परत ढकललं, उमललं. नात माझ्याकडे वळून म्हणाली, "अज्जा! हा लॉरीअण्णाचाच माणूस आहे!"

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगू कसं कळत नाही. टीपॉयवर बघितलं तेव्हा खेळणं होतं. इथे तेच, दाण्याएवढं होऊन, माझ्या नातीच्या धडधडत्या हृदयात शिरून, तिथल्या अंधारात रूप पालटून उभं राहणार होतं. कुणा माणसाला हे सुचलं कसं? बाईंच्या टेबलावरच्या त्या तारेला नमस्कार करावासा वाटला. केला नाही, सून बघत होती. दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

मधे नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात गोंबे बसवतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. आमचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले, आणि इथल्या लोकांची ही चाल आम्ही अशी उचलली की आता पुण्याच्या सुनेला ती आम्हीच शिकवतो. पायऱ्या मांडायच्या, वर कलश आणि देव, खाली दशावतार, मग राजा-राणीची चंदनी जोडी, मग लग्नाची वरात, बाजार, जनावरं, आणि अगदी खाली बसगाड्या, बैलगाड्या. दर वर्षी एक तरी नवी बाहुली हवी. आणि एक नियम असा की एकदा कलश ठेवून बाहुल्या बसवल्या की विजयादशमीपर्यंत त्यांना हलवायचं नाही. आमच्या घरात हा नियम कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही. माझी बायको त्या पायऱ्यांची मालकीण, आणि तिथे माझी किंमत फळ्या उचलणाऱ्या हमालाची.

त्या वर्षीची नवी बाहुली म्हणून नातीने लॉरीअण्णाला पुढे केला. "वाहन आहे ना, खाली बसगाडीशेजारी बसेल," बायको म्हणाली. नातीने फक्त त्याला उभा केला. बायकोने तोवर हे कधी नीट बघितलं नव्हतं. तिच्या हातात दशावताराच्या मूर्ती पुसायचं फडकं होतं ते तसंच राहिलं. "स्वल्प थांब," ती म्हणाली. "परत कर." पोरीने परत लॉरी केली, परत माणूस केला. बायकोने हातातल्या नरसिंहाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हा सिंहही नाही नि माणूसही नाही," नरसिंह वर ठेवत ती म्हणाली. "ह्याला खाली बसवतो का आपण?" आणि तिने लॉरीअण्णाला दशावताराच्या पायरीवर नेऊन ठेवला, शेवटी, घोड्यावरच्या कल्कीच्या पलीकडे. मी म्हणालो, "अगं, प्लास्टिक आहे ते." ती म्हणाली, "दहावा अजून यायचाय. कशाचा होऊन येणार ते तुम्हाला कळवलंय का कुणी?" हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या पायरीपाशी थबकायच्या, तोंडाला पदर लावायच्या, आणि ती प्रत्येकीला हेच विचारायची. कुणालाही कळवलेलं नव्हतं.

आणि मधेच एका दुपारी इस्पितळातून फोन आला. ज्या मुलाची पाळी होती त्याला ताप आला होता, जागा रिकामी झाली होती, उद्या येऊ शकाल का? तारीख सोडली तर पुढची केव्हा ते सांगता येत नव्हतं. मुलगा हो म्हणाला. नात सुट्टीसाठी आमच्याकडेच होती. आम्ही तिला समोर बसवून सांगितलं. ती रडेल म्हणून सगळ्यांनी तयारी केली होती. ती "सरी" म्हणाली, म्हणजे ठीक आहे, आणि लगेच विचारलं, "लॉरीअण्णा येणार ना?"

पायरीवर तो उभा होता, पुढ्यात निरांजन, डोक्यावर बायकोने ठेवलेलं शेवंतीचं फूल. मुलगा म्हणाला, "नवीन आणू ना, अगदी असाच." "असाच असेल. तो नसेल," नात म्हणाली. मग तिने हळूच सांगून टाकलं, "तो नसला तर मी नाही आत जाणार." सून सासूकडे वळली. "आई, प्लीज. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या मनात काय चाललंय ते मला पाठमोरं बघूनही कळत होतं. बसवलेली बाहुली हलवली तर घराला बाधतं, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली, आणि हलवायची कधी, तर नेमकी पोर टेबलावर झोपणार तेव्हा. तिला एकीकडे पोरीचा धीर आणि दुसरीकडे पोरीचा जीव दिसत होता, आणि दोन्ही तिच्याच हातात आल्यासारखे वाटत होते. मी काय बोलणार? जे बोललो असतो ते चुकीचंच ठरलं असतं, म्हणून जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या ताटात हळद, कुंकू आणि लिंबू होतं. "आयुधपूजा आजच करायची," तिने जाहीर केलं. आयुधपूजेला अख्खं बंगळूर आपापल्या गाड्या धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा करतं. पण ती खंडेनवमीला, आणि अजून ती यायची होती. "अगं, पण आज कुठे..." मी म्हणालो. "गाडीला आज निघायचंय तर पूजा आजच नको?" ती म्हणाली. "आणि पूजा केली की गाडी फिरवून आणायची असते. घरात ठेवून दिली तर पूजा पुरी होत नाही. ह्याला लॉरी कर गं."

नात स्टुलावर चढली आणि पायरीवरच, जागचा न उचलता, तिने त्याची लॉरी केली. बायकोने ती दोन्ही हातांनी उचलली. कुंकू लावलं, हार म्हणून शेवंतीची एक पाकळी. लिंबू लॉरीपेक्षा फार लहान नव्हतं, ते चाकाखाली फुटेना, शेवटी मीच तळहाताने दाबून फोडलं. मग लॉरी घरभर फिरली, अंगणात फिरली आणि इस्पितळाच्या पिशवीत गेली.

तिथल्या नर्सबाईंनी लॉरीअण्णाचं कुंकू स्पिरिटने पुसून काढलं. "हा देव आहे का खेळणं?" त्यांनी विचारलं. "दोन्ही," नात म्हणाली. एवढं उत्तर नर्सबाईंना पुरलं, त्यांनी त्याला पारदर्शक पिशवीत घालून तिच्या उशाशी ठेवला. दार बंद होताना ती पिशवीतूनच त्याला माणूस करत होती.

आम्ही बाहेर बसलो. बायकोने डोळे मिटले ते उघडले नाहीत, ओठ हलत होते. मला तर देवाचं नाव सुचेना. माझ्या डोळ्यांपुढे ती मिटलेली तार होती, मांडीतून वर निघालेली, न थांबणाऱ्या हृदयात शिरणारी. आत कुणी दिवा लावलेला नसतो. तरी ती आपल्या जागी पोचते आणि आधी एका बाजूने उमलते, मग दुसऱ्या. मी देवळात कधी इतक्या मनापासून हात जोडून बसलो नव्हतो.

डॉक्टरबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "छान बसलंय." बायकोने डोळे उघडले. "बसवलं?" "हो, बसवलं." मग त्यांनी आम्हाला आत नेऊन पडद्यावरचं चित्र दाखवलं. करड्या धुक्यात काहीतरी उघडझाप करत होतं, आणि मधोमध दोन काळ्या टिकल्या, एकमेकींना धरून, प्रत्येक ठोक्याबरोबर हलणाऱ्या. तीच माझी नात होती. मी रडलो, आणि त्याबद्दल मला काही वाटलं नाही.

इथे सगळं संपायला हवं होतं. नात घरी आली, लॉरीअण्णा माणूस होऊन पायरीवर परतला, विजयादशमी झाली, बाहुल्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून पेटीत गेल्या. नात मात्र बरी होऊनही बरी होईना. काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी खेळायला परवानगी दिली, ती खेळेना. जिना चढताना एक तळवा छातीवर. हसू आलं तर ओठ आवळून घ्यायची. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी चालायची. आणि लॉरीअण्णा तिच्या टेबलावर उभाच, त्याला कधी लॉरी केलेलं दिसेना. मारतहळ्ळीच्या शेजारच्या मुलीने एकदा त्याचा पाय दुमडायला घेतला तर ही एवढी किंचाळली की सून हातातला फोन टाकून धावली. त्या आठवड्यात आमच्याकडे आली तेव्हा बायकोने तिला जवळ घेऊन विचारलं. ती एकदम बोलली.

"डॉक्टरांनी दाखवलं ना. ढकललं की उघडतो, ओढलं की मिटतो. लॉरीअण्णापण दर वेळी परत लॉरी होतो. कायमचं माणूस कुणीच राहत नाही. आतला मिटला तर?"

म्हणजे इतके दिवस ही पोर ह्या धाकात होती! ज्या गोष्टीने तिला धीर दिला, तीच आता तिच्या छातीत बसून तिला भिववत होती. ह्यात तिचं काही चुकलं म्हणता येत नव्हतं, तेच तर वाईट. जे बघितलं त्यावरून तिने बरोबर ताडलं होतं.

बायको म्हणाली, "अगं, बसवलाय ना त्याला! बसवलेली बाहुली हलत नाही."

नात तिच्याकडे बघत म्हणाली, "तू हलवलास ना, अज्जी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. बायकोचा चेहरा उतरला. ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "खरं बोलली पोर." मुलाने समजावलं, सुनेने मोबाइलवर चित्रं दाखवली, मी माझ्या परीने भाषण दिलं. नात सगळ्यांना "सरी" म्हणायची आणि तळवा छातीवरच ठेवायची. लॉरीअण्णा उभा राहिला, जणू तो दुमडला नाही तर आतलाही दुमडणार नाही. महिने असे गेले. खेळणं बनवणाऱ्यावर, तार बनवणाऱ्यावर, रिंग रोडवरच्या समस्त लॉऱ्यांवर मी चिडून घेतलं, पण त्याने कुणाचं काय होणार होतं?

पुढच्या तपासणीला आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरबाईंनी तिच्या छातीवर थंड जेल लावलं, यंत्राचं टोक फिरवलं, आणि पडद्यावर ते करडं धुकं आलं. मी टिकल्या शोधत होतो. आधी ठळक दिसल्या होत्या त्या आता धूसर झाल्या होत्या. नातीने विचारलं, "तो मिटला का?"

बाईंनी यंत्र थांबवलं. हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. "मी तुला दाखवला तेव्हा त्याला मागे तार होती," त्या म्हणाल्या. "तार असते तोवर तो मिटतो. आत बसवल्यावर मी ती सोडली, बाहेर काढली. पण त्यानंतर जे झालं ते मी नाही केलं. ते तू केलंस. तुझ्या हृदयाने त्याच्यावर स्वतःचं अस्तर चढवलं. रोज थोडं थोडं. आता तो आत पुरता झाकलाय. त्याला मिटायला जागा नाही. तो आता तुझी भिंत आहे."

"मी केलं?" नात म्हणाली. "मी तर काहीच नाही केलं. मी हललेपण नाही."

"तरी केलंस."

मी त्या पडद्याकडे बघत राहिलो. ही पोर श्वास जपून घेत होती, हसू गिळत होती, आतला दुमडेल म्हणून झोपेतसुद्धा अंग आखडून घेत होती, आणि तेव्हा तिच्याच आत, तिला न विचारता, तिचं शरीर त्या परक्या तारेला आपलंसं करत बसलं होतं. तिला भीती होती, तिच्या शरीराला नव्हती. लॉरीचा माणूस होतो हे आश्चर्य मी पचवलं होतं. हे मला आजही पचलेलं नाही.

घरी आल्याबरोबर लॉरीअण्णाला घेऊन ती दिवाणखान्यात मधोमध जमिनीवर बसली. एक तळवा छातीवर होताच. दुसऱ्या हाताने तिने त्याचं डोकं आत दाबायचा प्रयत्न केला. जमेना. त्याला दोन हात लागतात. ती थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "अज्जी, इथे हात ठेव."

बायको गुडघे धरून कशीबशी तिच्याजवळ बसली आणि तिने आपला तळवा पोरीच्या छातीवर ठेवला. नातीने दोन्ही हातांत लॉरीअण्णाला घेतलं. डोकं आत गेलं. पिंप छातीवरून पाठीवर गेलं. हात वळले, चाकं खाली आली. शेवटी पाय राहिले. तिथे ती घुटमळली, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही पाय जुळवून दाबले. टक. जमिनीवर लॉरी उभी होती. मुलगा, सून, मी, कुणी जागचं हललं नाही.

तिने डोळे उघडले, पण लॉरीकडे बघितलं नाही. अज्जीच्या तोंडाकडे बघितलं. बायकोने मान वाकवून, तळव्यावर सगळं लक्ष एकवटून, नीट खात्री करून घेतली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"चालू आहे गं," ती म्हणाली. "चालू आहे."